उन्हाळी, परमा आणि 'पॉझिटिव्ह' : नाव ठरण्यापूर्वीचे दुखणे

'अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य' ही म्हण मराठीत सर्वपरिचित आहे. तिच्यातील विनोद कोणालाही कळतो. तिच्यातील भाषाविषयक आशय मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. येथे दुखणे असाध्य नाही आणि वैद्य अकुशलही नाही. अडचण आहे ती दोघांमधील शब्दांची. सासूने जावयापुढे उच्चारू नये असे जे शब्द, त्यांच्यावाचून हे दुखणे सांगता येत नाही. आणि सांगितल्यावाचून त्यावर उपाय होत नाही. मूत्रमार्गाच्या व जननेंद्रियांच्या विकारांविषयी मराठी भाषिक कसे बोलतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा नाही. लघवीला आग होऊ लागल्यापासून तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत जे दोन-चार दिवस जातात, त्या दिवसांत रुग्ण काय करतो, कोणापासून काय लपवतो आणि कोणत्या भीतीने झोप घालवतो, हे बऱ्याच अंशी त्याने आपल्या दुखण्याला मनातल्या मनात कोणते नाव दिले आहे यावर अवलंबून असते. ही नावे आणि त्यांचे परिणाम यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. उन्हाळी

लघवी करताना होणारी आग आणि ती थेंबथेंब होणे यांना मराठीत 'उन्हाळी लागणे' असे म्हणतात. संस्कृत 'उष्ण', प्राकृत 'उण्ह' आणि मराठी 'ऊन' ही परंपरा स्पष्ट आहे. कोकणात राजापूरजवळील उन्हाळे हे गरम पाण्याच्या झऱ्याचे गाव आणि दापोली तालुक्यातील उन्हवरे ही नावेही याच कुळातील होत. म्हणजे 'उन्हाळी' या शब्दात रोगाचे लक्षण तर आहेच. त्याशिवाय रोगाचे कारणही सांगितलेले आहे. ते कारण म्हणजे उष्णता. कारण ठरले की उपायही ठरतो. वाळ्याचे पाणी, सब्जा, धने-जिऱ्याचे पाणी, नारळपाणी, गोखरूचा काढा, असे थंड समजले जाणारे उपचार घरोघर सुरू होतात.

या उपचारांची थट्टा करण्याचे कारण नाही. पाणी भरपूर पोटात गेल्याने लघवी पातळ होते आणि आगीची तीव्रता कमी होते. उन्हात राबणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाची लघवी गडद होऊन चुरचुरते, हाही नित्याचा अनुभव आहे. परंतु शब्दाने दिलेले कारण हेच खरे कारण, असे मानण्यात धोका आहे. मूत्रमार्गाच्या संसर्गात बहुसंख्य वेळा आतड्यात राहणारे ई. कोलाय हे जंतू मूत्राशयात शिरलेले असतात, आणि ते सब्जाने मरत नाहीत. 'उन्हाळी' हा शब्द निरुपद्रवी वाटतो, कुटुंबात मोकळेपणाने उच्चारता येतो आणि म्हणूनच तो रुग्णास दवाखान्यापासून आठ-आठ दिवस दूरही ठेवू शकतो.

२. परमा, उपदंश, फिरंग, गरमी

याच लक्षणाला दुसरे नाव मिळाले की सगळे चित्र पालटते. 'परमा' हा शब्द संस्कृत 'प्रमेह' यापासून आला आहे. आयुर्वेदात प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत : दहा कफज, सहा पित्तज व चार वातज, मधुमेहही त्यांतलाच एक. लघवीचे प्रमाण वाढणे व ती गढूळ होणे ही तेथील मुख्य खूण होय. मराठीत मात्र या व्यापक शब्दाचा अर्थ संकोच पावून 'परमा' म्हणजे संभोगातून जडणारा, लिंगातून पू वाहणारा रोग, म्हणजेच गनोरिया, असा रूढ झाला. अर्थसंकोचाबरोबर अर्थापकर्षही झाला, आणि वैद्यकातील एक वर्गनाम चारित्र्याविषयीचा निर्णय होऊन बसले.

'उपदंश' या शब्दाची गती अशीच आहे. सुश्रुतसंहितेत उपदंशाचे पाच प्रकार दिले असून त्याच्या कारणांत नखदंतांनी झालेल्या जखमांचाही निर्देश आहे. 'दंश' हे पद तेथे सार्थ आहे. आज हा शब्द सिफिलिस या विशिष्ट रोगासाठी वापरला जातो. त्या रोगासाठी नवा शब्द योजण्याची गरज सोळाव्या शतकात भावमिश्राला भासली आणि 'भावप्रकाश' या ग्रंथात त्याने 'फिरंग' या नावाने त्याचे वर्णन केले. रोग फिरंग्यांबरोबर आला, ही समजूत त्या नावातच आहे. युरोपातही निराळे घडले नाही. इटलीतील लोकांनी या रोगास फ्रेंचांचा रोग म्हटले, फ्रेंचांनी नेपल्सचा म्हटले, तर रशियनांनी पोलंडचा म्हटले. रोगाला परक्याचे नाव देणे म्हणजे त्याचा दोष परक्याच्या पदरी घालणे होय. 'गरमी' हे त्याच रोगाचे बोलीतील नाव फारसीतून आले असून त्यात पुन्हा उष्णतेचीच कल्पना आहे. हिंदीत गनोरियाला रूढ असलेला 'सुजाक' हा शब्दही फारसीतील जळजळीच्या अर्थाशी निगडित आहे.

'गनोरिया' हे ग्रीक नाव तरी कुठे निर्दोष आहे? त्याचा व्युत्पत्त्यर्थ 'बीजाचा स्राव' असा. पू हे वीर्यच, असा तो प्राचीन समज होता. मराठीतील 'धातू जाणे' या प्रयोगामागेही हीच कल्पना दिसते, आणि ती आजही कित्येक तरुणांना निष्कारण घाबरवते. तात्पर्य, कोणत्याही भाषेतील रोगनाम घ्यावे, त्यात लक्षण, तर्क, भीती आणि दोषारोप यांचे मिश्रण आढळते.

स्त्रियांच्या वाट्याला आलेले शब्द त्याहून आडवळणाचे आहेत. 'अंगावरून पांढरे जाणे', 'धुपणी', 'खालच्या जागी खाज' अशा प्रयोगांत इंद्रियाचे नावच टाळलेले असते. सभ्यता राखली जाते हे खरे. परंतु आग लघवीच्या मार्गात आहे की बाहेरच्या त्वचेला लघवी लागून होते, हा निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचा भेद 'खालच्या जागी' या दोन शब्दांत पुसला जातो.

३. एक लक्षण, अनेक कारणे

शब्दांचा हा गोंधळ भाषेचाच दोष होता असे नाही. शास्त्रालाही तो सोडविण्यास वेळ लागला. अठराव्या शतकातील ख्यातनाम शल्यविशारद जॉन हंटर याने गनोरिया आणि सिफिलिस हे एकाच रोगाचे दोन आविष्कार मानले होते. १८३८ मध्ये फिलिप रिकोर याने ते भिन्न असल्याचे दाखविले. गनोरियाचा जंतू आल्बर्ट नायसर याने १८७९ मध्ये, तर सिफिलिसचा जंतू शाउडिन व हॉफमन यांनी १९०५ मध्ये शोधला. पुढल्याच वर्षी वासरमान याची रक्ततपासणी आली. म्हणजे 'नाव नक्की करणे' ही गोष्ट प्रयोगशाळेच्या कक्षेत येऊन फार काळ लोटलेला नाही.

आजही केवळ लक्षणावरून हे रोग खात्रीने वेगळे करता येत नाहीत. लघवीची आग साध्या मूत्राशयदाहात होते, तशी ती गनोरियात, क्लॅमिडिया या संसर्गात आणि जननेंद्रियांवरील नागीणसदृश फोडांतही होते. काही कल मात्र सांगता येतात. लघवीची घाई, वारंवारता आणि ओटीपोटातील ठणका यांचा भर असेल तर मूत्राशयाकडे लक्ष जाते. पू किंवा नवा स्राव, चट्टा, फोड, जांघेतील अवधाण अथवा बद दिसल्यास लैंगिक संसर्गाची शंका बळावते. अवधाण पायाच्या जखमेमुळेही येते, हे येथे विसरता कामा नये. तरुण पुरुषात मूत्राशयाचा साधा संसर्ग तुलनेने विरळा असल्याने त्याच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी तपासणी करणे इष्ट ठरते. स्त्रीचा मूत्रमार्ग सुमारे चार सेंटिमीटर लांबीचा असतो. त्यामुळे तिला हा विकार वारंवार होतो आणि समागमानंतरही होतो. समागमानंतर झाला म्हणून तो लैंगिक रोग ठरत नाही. नवविवाहितेला उन्हाळी लागली असता घरात जी कुजबूज होते, तिला शास्त्राचा आधार नाही.

याउलट, लक्षण नाही म्हणून रोग नाही, असेही म्हणता येत नाही. क्लॅमिडियाची बाधा झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना काहीच जाणवत नाही आणि ती बाधा महिनोन् महिने तशीच राहू शकते. त्यामुळे आज आलेला अहवाल संसर्ग केव्हा झाला आणि कोणापासून झाला हे सांगत नाही. अहवाल हाती येताच पती-पत्नींमध्ये जो खटला उभा राहतो, त्यात हा कागद साक्षीदार म्हणून चालत नाही.

४. अहवालाची भाषा

नमुना देण्यापासूनच भाषेचे काम सुरू होते. जंतुसंवर्धनासाठी, म्हणजे ज्याला सर्वत्र 'कल्चर' म्हणतात त्यासाठी, मधल्या धारेची लघवी लागते : स्वच्छता करून पहिली धार सोडून द्यावयाची आणि मधली निर्जंतुक बाटलीत धरावयाची. क्लॅमिडिया व गनोरिया यांच्या जनुकीय तपासणीसाठी मात्र नेमकी उलट गरज असते. तासभर तरी लघवी न करता मग पहिलीच धार धरावयाची असते. स्त्रियांच्या बाबतीत बहुधा योनीतील स्राव घेणे अधिक चांगले. 'लघवी घेऊन या' एवढ्या एकाच वाक्याने दोन्ही सूचना दिल्या, की एक नमुना हमखास वाया जातो.

साध्या तपासणीचा अहवाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. त्यातील 'पस सेल्स' हा उल्लेख वाचून रुग्ण दचकतो. कारण मराठीत 'पू' म्हटले की चिघळलेली जखम डोळ्यांपुढे येते. वस्तुतः या पेशी म्हणजे जंतूंशी लढण्यास आलेल्या पांढऱ्या पेशी होत. त्या वाढल्या म्हणजे दाह आहे एवढेच कळते. दाह कशाचा, हे कळत नाही. ते सांगणाऱ्या संवर्धनाला जंतू वाढण्यासाठी एक-दोन दिवस आणि कोणते औषध लागू पडते हे पाहण्यासाठी आणखी एखादा दिवस लागतो. हा विलंब प्रयोगशाळेचा आळस नसून जंतूंच्या वाढीची गती आहे. एडवर्ड कास याने १९५६ मध्ये मांडलेला एका मिलिलिटरमध्ये १,००,००० जंतूंचा निकष आजही परिचित आहे; मात्र लक्षणे स्पष्ट असतील तर त्याहून कमी संख्याही अर्थपूर्ण मानली जाते.

याच अहवालात 'वाढ आढळली नाही' असे शब्द येतात, आणि रुग्ण सुटकेचा निःश्वास टाकतो. तो निःश्वास काही वेळा अकाली असतो. लघवीच्या नेहमीच्या संवर्धनात क्लॅमिडिया वाढतच नाही, गनोरियाचा जंतूही सहसा वाढत नाही आणि क्षयाचा जंतूही वाढत नाही. पेशी वाढलेल्या आणि वाढ मात्र शून्य, असा अहवाल आल्यास तो शोधाचा शेवट न मानता पुढील शोधाचा आरंभ मानावा लागतो. आधीच कोठली तरी प्रतिजैविके घेतली असल्यासही हाच परिणाम दिसतो.

'सेन्सिटिव्ह' या शब्दाने आणखी वेगळा घोटाळा होतो. अहवालात औषधांची यादी असते आणि प्रत्येकापुढे 'एस' किंवा 'आर' हे अक्षर असते. 'एस' म्हणजे तो जंतू त्या औषधाला बळी पडतो. 'आर' म्हणजे दाद देत नाही. परंतु 'संवेदनशील' असे भाषांतर ऐकलेला रुग्ण ते विशेषण स्वतःला लावतो, त्या औषधाचे आपल्याला वावडे आहे असे समजतो आणि जे घ्यावयास हवे तेच टाळतो. विशेषण कोणत्या नामाचे आहे, हा व्याकरणाचा प्रश्न येथे आरोग्याचा होतो.

सर्वांत घातक गोंधळ 'पॉझिटिव्ह'चा. २०२० मधील कोविडच्या साथीत 'अहवाल सकारात्मक आला' अशी वाक्ये मराठी वृत्तपत्रांतून सर्रास छापली गेली. 'सकारात्मक' या शब्दाला मराठीत इष्टतेची छटा आहे, तर येथे अभिप्रेत अर्थ 'शोधले ते आढळले' एवढाच आहे. 'आढळले' आणि 'आढळले नाही' हे साधे मराठी प्रयोग असताना सकार-नकाराचा हव्यास अनाठायी होय. शिवाय 'आढळले' म्हणजे 'रोग सिद्ध झाला' असेही नेहमीच नसते. सिफिलिससाठी केली जाणारी व्ही. डी. आर. एल. ही तपासणी गरोदरपणात किंवा हिवताप, कुष्ठरोग यांसारख्या विकारांतही कधीकधी खोटी साक्ष देते. म्हणून तिची खातरजमा टी. पी. एच. ए. सारख्या दुसऱ्या तपासणीने करावी लागते. त्याचप्रमाणे 'आढळले नाही' यालाही काळाची मर्यादा असते. सिफिलिसचा पहिला चट्टा संसर्गानंतर १० ते ९० दिवसांत उमटतो आणि रक्ततपासणीत तो त्याहूनही उशिरा कळू शकतो. एचआयव्हीच्या प्रतिपिंडांची तपासणी निर्णायक ठरण्यास तीन महिन्यांपर्यंत अवधी द्यावा लागतो. अतिघाईने केलेली तपासणी आज दिलासा देते, पण तो दिलासा खरा असेलच असे नाही.

५. मधले दिवस

नमुना दिला आहे, नाव ठरलेले नाही. अशा स्थितीत रुग्णाने काय करावे? पहिली गोष्ट, नमुना देण्यापूर्वी घरात उरलेल्या किंवा दुकानातून मागून आणलेल्या चार गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी रोग जात नाही, पुरावा मात्र जातो. नमुना घेतल्यानंतर डॉक्टरांनी अंदाजाने औषध सुरू केले असेल, तर ते नेमाने घ्यावे. अहवाल येईपर्यंत थांबणे प्रत्येक वेळी योग्य नसते, म्हणूनच शासकीय रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक' या केंद्रांत लक्षणसमूह पाहून त्याच दिवशी उपचार देण्याची पद्धत आहे. दुसरी गोष्ट, पाणी पुरेसे प्यावे, लघवी तुंबवू नये, वेदनेसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटॅमॉल घ्यावे. तिसरी गोष्ट, उलगडा होईपर्यंत समागम टाळावा. लैंगिक संसर्ग ठरल्यास जोडीदाराचाही उपचार व्हावा लागतो आणि दोघांचे उपचार पुरे झाल्यावरही सात दिवस थांबावे लागते. एकट्याने घेतलेले औषध संसर्गाची ये-जा थांबवीत नाही.

काही प्रसंगी मात्र वाट पाहणेच चूक ठरते. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत कळ, उलट्या, लघवी पूर्ण अडणे, अंडकोशात एकाएकी तीव्र वेदना, किंवा रुग्ण गरोदर असणे, यांपैकी काहीही असल्यास अहवालाची तारीख न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एचआयव्हीचा धोका वाटावा असा संबंध येऊन ७२ तास उलटले नसतील, तर प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात. तीही तितक्याच तातडीने मागावी लागतात.

उरतो तो मनाचा भाग. अहवालाची वाट पाहणारा माणूस रात्री स्वतःशीच भाषण करतो, आणि त्या भाषणातील शब्द बहुतेक दंडसंहितेतले असतात : पाप, शिक्षा, बेअब्रू. येथे शब्दांची निवड हा शृंगार राहत नाही, तो उपचाराचा भाग होतो. 'मला परमा झाला' आणि 'माझ्या लघवीला सोमवारपासून आग होते, तपासणी दिली आहे, गुरुवारी कळेल' या दोन वाक्यांत पहिले निदान असून ते निराधार आहे. दुसरे केवळ निवेदन असून ते पूर्णतः सत्य आहे. दुसरे वाक्य मनाशी बोलता आले तर ते जोडीदाराशी आणि डॉक्टरांशीही बोलता येते. शिवाय गनोरिया, क्लॅमिडिया आणि सिफिलिस हे योग्य प्रतिजैविकांनी बरे होणारे रोग आहेत. १९४३ मध्ये जॉन महोनी याने पेनिसिलिनने सिफिलिस बरा होत असल्याचे दाखविल्यापासून 'फिरंग' या नावातील जुनी दहशत वस्तुतः कालबाह्य झाली आहे. एचआयव्ही समूळ जात नसला, तरी नियमित औषधांनी तो काबूत राहतो. त्याविषयी २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय तपासणी करण्यास आणि माहिती फोडण्यास प्रतिबंध केला आहे. नाव न सांगता काही विचारावयाचे असल्यास १०९७ हा दूरध्वनी क्रमांकही उपलब्ध आहे.

६. समारोप

१९२७ ते १९५३ या काळात र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकातून या विषयांवर मराठीत उघडपणे लिहिले. त्याबद्दल त्यांच्यावर खटलेही झाले. परंतु मराठी या विषयाला असमर्थ आहे, हा आक्षेप त्यांनी लेखनानेच खोडून काढला. आज प्रश्न शब्दांच्या अभावाचा नाही. आग, जळजळ, चुरचुर, ठणका, थेंबथेंब, स्राव, चट्टा, फोड, अवधाण असे लक्षणांचे सूक्ष्म भेद दाखविणारे शब्द मराठीत विपुल आहेत. उणीव आहे ती लक्षणाचे शब्द आणि निर्णयाचे शब्द वेगळे ठेवण्याच्या सवयीची. रुग्णाने लक्षण सांगावे, नाव प्रयोगशाळेने ठरवावे, आणि त्या दोहोंमधल्या दिवसांत कोणीही, विशेषतः रुग्णाने स्वतः, रिकाम्या जागी आपल्या मनाचे नाव लिहू नये. जावई वैद्य असला तरीही मग दुखणे सांगता येईल.